बाळाला नाव ठेवा, नावं ठेवू नका



सांजेची वेळ आहे. कुणाच्या चुलीवर वरण शिजत असेल, कुणी नुकतीच वावरातून येऊन हातपाय धूत असेल. तुमचं काम चालू द्या, फक्त रेडिओचा आवाज थोडा वाढवा. मी नागपूर जिल्ह्यातल्या महिला बचत गटांच्या समन्वयाचं काम करते. एरवी तुमच्याशी बोलते ते हप्ता, व्याज आणि कर्जफेड याबद्दल. आज विषय वेगळा आहे. आज आपण बाळाच्या नावाबद्दल बोलणार आहोत.

तुम्ही म्हणाल, यात बोलण्यासारखं काय? बाराव्या दिवशी पाळणा बांधायचा, आत्यानं कानात नाव सांगायचं, घुगऱ्या वाटायच्या, झालं. मलाही तसंच वाटायचं. पण दर आठवड्याला गटाची हजेरी घेता घेता माझं मत बदललं.

आमच्या एका गटात पन्नाशीच्या एक ताई आहेत. हिशेबात पक्क्या. एक रुपया चुकला तरी वही पुढे जाऊ देत नाहीत. पण हजेरीत त्यांचं नाव घेतलं, की त्या पदर तोंडाला लावतात आणि हात वर करतात. 'हजर' म्हणत नाहीत. त्यांचं नाव मी इथं घेणार नाही, अर्थ तेवढा सांगते. त्या नावाचा अर्थ आहे, 'ही नको होती.' चार बहिणींनंतर जन्मल्या म्हणून घरच्यांनी ते ठेवलं. पन्नास वर्षं झाली. आईबाप गेले, ठेवणारी आत्या गेली, नाव मात्र अजून रोज त्यांच्या अंगावर येतं.

आपल्या मराठीत एक गंमत आहे बघा. 'नाव ठेवणं' म्हणजे बारसं करणं. आणि 'नावं ठेवणं' म्हणजे दोष काढणं. एका टिंबाचा फरक. पण या ताईंच्या बाबतीत तो टिंबाचा फरकही उरला नाही. बारशालाच घरच्यांनी त्यांना नावं ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडं जुन्या लोकांची नावं अशीच असायची. दगडू, धोंडू, केरू, भिकू, कचरू. खरं आहे. माझ्या स्वतःच्या आजीला सगळे कचराबाई म्हणत. मग ते काय तिच्यावर कुणाचं प्रेम नव्हतं म्हणून? मुळीच नाही. आजीच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. त्या काळी देवी, गोवर, हगवण आली की घरंच्या घरं रिकामी व्हायची. आजी जन्मली तेव्हा तिच्या आईनं तिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीनं उचलून परत आणून दिलं. म्हणजे हे लेकरू आमचं नाही, कचऱ्यात सापडलं आहे, याच्याकडं कुणी बघू नका, यमानंही बघू नये, असा त्याचा भाव. जे मौल्यवान आहे ते फडक्यात गुंडाळून लपवतात, तसं त्या माऊलीनं आपलं लेकरू वाईट नावाखाली लपवलं.

म्हणून मी जुन्या नावांना हसत नाही. तुम्हीही हसू नका. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या.

पहिली, तेव्हा जे काम नावाकडून करून घ्यावं लागायचं, ते काम आता लस करते. जन्मल्याबरोबर क्षयाची बीसीजी, पोलिओचा डोस, काविळीची लस, नऊ महिन्यांनी गोवर-रुबेलाची. आशाताईंकडं कार्ड असतं, त्यावर तारखा असतात. लेकराला जपायचं तर त्या तारखा जपा. त्यासाठी नाव वाईट ठेवायची आता गरज नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. नाव ठेवणारीच्या मनात काय होतं, ते नावावर लिहिलेलं नसतं. आजी म्हातारपणी निराधार पगाराचे पैसे आणायला जायची. एकदा माझी आई तिच्यासोबत होती. खिडकीवरच्या माणसानं नाव पुकारलं, "कचरा! कचरा कोण आहे?" रांगेतली पोरं हसली. आजीनं अंगठा दिला, पैसे कमरेच्या पिशवीत घातले आणि गुपचूप घरी आली. संध्याकाळी मी विचारलं तेव्हा म्हणाली, "बाई, माह्या मायनं मले जगवासाठी हे नाव ठेवलं होतं. हसनाऱ्यायले काय मालूम!"

हसणाऱ्यांना खरंच माहीत नव्हतं. शाळेच्या हजेरीला, बँकेच्या पासबुकाला, दवाखान्याच्या केसपेपरला तुमच्या मनातला भाव कळत नाही. त्यांना फक्त शब्द कळतो. प्रेमानं ठेवलेलं 'कचरा' आणि रागानं ठेवलेलं 'नकोशी' जगाच्या कानाला सारखंच लागतं.

आता रागानं ठेवलेल्या नावांकडं येऊ. पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः सातारा भागात, मुलगा हवा असताना मुलगी झाली की तिला 'नकुशा' किंवा 'नकोशी' म्हणायची रीत होती. असं नाव ठेवलं की पुढच्या खेपेला मुलगा होतो, ही समजूत. २०११ ची जनगणना झाली तेव्हा आपल्या राज्यात सहा वर्षांच्या आतल्या दर हजार मुलांमागं फक्त ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी ९१३ होत्या, म्हणजे आकडा आणखी खाली आला होता. त्याच वर्षी सातारा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागानं गावोगाव फिरून या नकुशांना शोधून काढलं. ऑक्टोबर २०११ मध्ये कार्यक्रम घेऊन अडीचशेहून जास्त मुलींचं पुन्हा बारसं केलं. हातात फुलं आणि नव्या नावाचं प्रमाणपत्र दिलं. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मुलींनी आपली नावं आपणच निवडली. कुणी सिनेमातल्या नटीचं नाव घेतलं, कुणी सावित्री झाली. कुणाला काही का आवडेना, पण 'मी कोण' हे पहिल्यांदा त्यांनी स्वतः सांगितलं.

आणि आपल्या नागपूरला तर नावाची ताकद वेगळी सांगायला नको. मनुस्मृतीत कोणत्या वर्णाचं नाव कसं असावं याचे नियम दिले आहेत. त्यात शूद्राचं नाव तुच्छ वाटेल असं असावं, असं सांगितलं आहे. विचार करा, माणसाला खाली ठेवायचं तर सुरुवात नावापासून करायची, हे त्यांना किती आधी कळलं होतं! १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. त्यानंतर वस्त्यावस्त्यांत पाळण्यातली नावं बदलत गेली. सिद्धार्थ, राहुल, गौतम, मिलिंद आले. सुजाता, यशोधरा, करुणा, मैत्री आल्या. ज्यांच्या घरी आदल्या पिढीत झिपरी आणि धोंड्या होते, त्यांनी आपल्या लेकरांना अशी नावं दिली, की हाक मारणाऱ्यालाही जरा सावरून बोलावं लागावं.

नाव मोठंच पाहिजे असंही नाही. नागपुरात जाईबाई चौधरी होऊन गेल्या. डोक्यावर ओझी वाहून पोट भरणारी बाई शिकली आणि तिनं चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. 'जाई' म्हणजे एक छोटंसं पांढरं फूल. दोन अक्षरांचं नाव, पण त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते शाळेपर्यंत सरळ गेलं.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते. लोकांना सांगायचं आणि आपल्या घरात गप्प बसायचं, हे बरं दिसत नाही.

माझ्या भावाला तिसरी मुलगी झाली. दवाखान्यातून बाळ घरी आलं त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही. माझी भावजय भिंतीकडं तोंड करून पडलेली. मी बारशाचं विचारलं तर आई म्हणाली, "तिसरीचं कायचं बारसं? नकोशी ठेवा नाव, म्हंजे पुढच्या खेपेले पोरगं होईन."

मैत्रिणींनो, मला बैठकीत बोलायची सवय आहे. पण आईच्या त्या वाक्यापुढं माझी जीभ जड झाली. कारण आई वाईट बाई नाही. तिनंही मुलासाठी सासरी टोमणे खाल्ले आहेत. मी रात्रभर विचार केला. मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरतं, नावाचा त्याच्याशी संबंध नाही, हे मी तिला सांगितलं असतं तर तिनं ऐकून घेतलं असतं आणि मान्य केलं नसतं.

सकाळी चहा घेताना मी फक्त एवढंच म्हटलं, "आई, आजीच्या पगाराच्या रांगेतलं आठवते का तुले?"

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "लय हसले होते बाप्पा पोट्टे." आणि उठून गेली.

बाराव्या दिवशी पहाटे मला जाग आली ती चुलीच्या आवाजानं. आई घुगऱ्यांचे हरभरे शिजवत होती.

आत्याचा मान माझा होता. पण मी तो माझ्या थोरल्या भाचीला दिला. ती चौथीत होती. तिला म्हटलं, बहीण तुझी आहे, तूच नाव सांग. ती म्हणाली, "वेणा." माझ्या भावजयीचं माहेर हिंगणघाटकडं आहे. तिथं जाताना वेणा नदी लागते आणि मामा दर खेपेला मोटारसायकल थांबवून तिला नदी दाखवतो. शेजारच्या एका काकूंनी विचारलं, "नदीचं नाव? अर्थ काय त्याचा?" तर भाची म्हणाली, "मामाच्या गावाले पाणी देते ती." तेवढ्यात भावजय हसली. बारा दिवसांत पहिल्यांदा.

आई पूर्ण बदलली असं मी सांगणार नाही. कुणाच्या घरी नातू झाला की अजूनही तिचा उसासा ऐकू येतो. पण नातीला हाक मारताना तिच्या तोंडून वाईट शब्द निघत नाही, कारण तो शब्द घरात आलाच नाही. आणि पुढच्या खेपेचा विषय माझ्या भावानं आणि भावजयीनं डॉक्टरांकडं जाऊन मिळून संपवला.

आता थोडं व्यवहाराचं. इथं माझी स्वतःची चूक आधी कबूल करते.

थोरल्या भाचीचं नाव मीच ठेवलं होतं. सुंदर नाव, अर्थही चांगला, पण त्यात 'ज्ञ' आहे. मराठीत लिहायला अडचण नाही. इंग्रजीत मात्र हा 'ज्ञ' कुणी 'डी-एन-वाय' लिहितं, कुणी 'जी-वाय'. मी बारसं गाजवलं आणि स्पेलिंग काय लिहायचं हे कुणाला सांगितलंच नाही. जन्माच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, शाळेत तिसरं. एकाच पोरीच्या तीन पोरी झाल्या. दुरुस्तीसाठी माझ्या भावाच्या किती मजुऱ्या बुडाल्या, ते त्यालाच माहीत.

म्हणून नाव ठरलं की ते मराठीत आणि इंग्रजीत एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. आई, वडील आणि आडनावासकट लिहा. तो कागद लसीच्या कार्डासोबत ठेवा आणि कुठंही नाव द्यायचं झालं तर तोंडी सांगू नका, कागद दाखवा. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना आपण काय पाहिलं ते आठवा. माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर, बँकेत तिसरंच. लग्नात तांदळात बोटानं लिहिलेलं नाव पासबुकाला चालत नाही. लग्नानंतर नाव बदलायची कायद्यानं सक्ती नाही, हेही आपल्या मुलींना सांगून ठेवा.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनामूल्य होते. बाळ दवाखान्यात जन्मलं तर दवाखाना कळवतो, घरी जन्मलं तर आपण कळवायचं. नोंद होते ती बाळ जिथं जन्मलं तिथं. बाळंतपण माहेरच्या गावी झालं तर तिथल्या ग्रामपंचायतीत, नागपूर शहरात झालं तर महानगरपालिकेत. सासरच्या ग्रामपंचायतीत शोधत बसू नका. नोंदीच्या वेळी नाव ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नका. पुढं बारा महिन्यांपर्यंत नाव विनामूल्य घालता येतं. त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं, पण कशाला तेवढं थांबायचं? एकदा घातलेलं नाव सहज बदलत नाही. मोठेपणी बदलायचं तर राजपत्रात छापून आणावं लागतं आणि त्यानंतर एकेक कागद बदलत फिरावं लागतं. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या लेकरांना शाळेच्या प्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्माचा दाखलाच मुख्य पुरावा आहे. तो नीट, तर पुढचं नीट.

नाव निवडायचं कसं? मोबाइलवर हजार नावं मिळतात. पंचांगातलं अक्षर बघणाऱ्यांनी खुशाल बघावं, एका अक्षरावरून शंभर नावं निघतात. पण ठरवण्याआधी तीन गोष्टी करून बघा. पहिली, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला ते नाव म्हणायला लावा. तिला म्हणता आलं नाही तर त्याचा चोथा होणार, हे नक्की. दुसरी, वावराच्या धुऱ्यावर उभं राहून ती हाक मारून बघा. आणि तिसरी, डोळे मिटून विचार करा, की ही मुलगी पंचवीस वर्षांची झाली आहे, नोकरीच्या मुलाखतीला बसली आहे आणि समोरचा विचारतो, "तुमचं नाव काय?" तिला मान वर करून सांगता येईल का? मुलगा असेल तरी हेच बघा. आणि हे सगळं ठरवताना बाळंतिणीला विचारा. जिनं नऊ महिने पोटात वाढवलं तिला बऱ्याच घरांत नाव बारशाच्या दिवशी कळतं.

शेवटची गोष्ट सांगते आणि थांबते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आईचं नाव आलं आहे. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. कागदावर आईचं नाव यावं, यासाठी बायकांनी फार वाट पाहिली. पण याचा दुसरा अर्थही समजून घ्या. आज तुम्ही पाळण्यातल्या मुलीला जे नाव ठेवाल, ते उद्या तिच्या लेकराच्या दाखल्यावर छापलं जाणार आहे. शाळेत बाई पूर्ण नाव वाचतील तेव्हा तिच्या लेकराच्या नावामागं तुम्ही ठेवलेला शब्द येणार आहे. तो शब्द 'नकोशी' असावा का, हे आपल्या हातात आहे.

गेल्या महिन्यात मी आमच्या त्या पन्नाशीच्या ताईंना हळूच विचारलं, "ताई, हजेरीच्या वहीत दुसरं नाव लिहू का? तुम्हाला आवडेल ते." बँकेचे कागद सोपे नाहीत, पण गटाची वही तर आपलीच आहे. त्या म्हणाल्या, "विचार करून सांगतो." तीन बैठका झाल्या, त्यांनी अजून सांगितलेलं नाही. मी घाई करत नाही. पन्नास वर्षांनी मिळालेलं बारसं आहे, सावकाश होऊ द्या. वहीत त्यांच्या ओळीसमोर मी जागा कोरी ठेवली आहे.

तुमच्या गटात, तुमच्या गल्लीत अशी कुणी असेल तर तिलाही विचारा. आणि ज्या घरी पाळणा हलणार असेल, तिथं बाराव्या दिवसाच्या आधी एक चक्कर मारा. जाताना घुगऱ्यांसाठी मूठभर हरभरे घेऊन जा.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.